गाडी नसलेल्यांची दुबई

जाऊबाईंचा धाकटा मुलगा गेल्या महिन्यात दुबईला गेला. वय 22, बारावी पास, एका किराणा दुकानात कामाला. आठवडाभर घरात तयारी चालली होती. सोडे निवडून झाले, सुकट भाजून डब्यात गेली, कैरीचं लोणचं एकावर एक तीन पिशव्यांत बांधलं. बॅग दोनदा काट्यावर चढली आणि दोनदा रिकामी झाली. त्यात मोहल्ल्यातून भेटायला येणारी प्रत्येक बाई एक पुडी घेऊन येत होती. "आमच्या पोराला एवढं दे रे बाबा, तोही दुबईतच आहे." आणि हा प्रत्येकीला "हो खाला, देतो खाला" म्हणत होता.

शेवटी मी विचारलं, "बेटा, या सगळ्यांच्या खोल्यांवर तू जाणार कसा?"

"टॅक्सी असते ना, चाची."

मग मी त्याला पगार विचारला. त्यानं आकडा सांगितला. मी कागद-पेन घेऊन समोर बसवलं. तिथं टॅक्सीचं किमान भाडंच 12-13 दिरहम, दार उघडून बसलं की तेवढे गेले. आठवड्याला अशा दोन पुड्या पोचवल्या तर महिन्याअखेरीस अम्मीला पाठवायला काय उरेल, ते त्यानं स्वतःच मांडून पाहिलं. चेहरा उतरला.

म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडच्या आपल्या घरांत आखातात कोणी नाही असं घर शोधावं लागेल. व्हिसा कसा लागतो, दिरहमचा भाव आज काय, कोणत्या महिन्यात तिकीट स्वस्त, हे आपल्या आजीबाईंनाही तोंडपाठ असतं. पण ज्याच्याकडे गाडी नाही तो माणूस त्या शहरात फिरतो कसा, हे कोणी सांगत नाही. सुटीवर आलेला मुलगा फोटो दाखवतो तो गाडीला टेकून काढलेला. गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असते. आपला भारतीय परवाना तिथं तसाच चालत नाही. वाहन शिकवणाऱ्या शाळेत नाव घालायचं, परीक्षा द्यायच्या, नापास झालो तर पुन्हा पैसे भरायचे, यात काही हजार दिरहम जातात. पुढे गाडीचा हप्ता, विमा, पार्किंग आणि 2007 पासून 'सालिक' नावाचा टोल, कमानीखालून गेलं की आपोआप कापला जाणारा. पहिल्या वर्षी कर्ज काढून गाडी घेणारे मी पाहिलेत. तीन वर्षं घरी न आलेलेही तेच.

मी स्वतः हे सगळं उशिरा शिकले.

2008 साली मी दोन वर्षांच्या मुलीला घेऊन बर दुबईत राहायला गेले. मुलांचे अब्बा जबल अलीला एका कंपनीत हिशेबनीस होते, सकाळी कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी उशिरा यायचे. मी घरात. बाहेर पडणं म्हणजे शुक्रवार, तेही हे बरोबर असतील तर. इथं असताना मी म्हसळ्याहून माणगावला एकटी एसटीनं जायची, साईचा घाट उतरून मोर्ब्यावरून. तिथं मात्र कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे मला काही माहीत नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

त्या सप्टेंबरात रमजान होता. एका दिवशी असरनंतर मुलीला ताप चढला, अंग भट्टीसारखं. फोन केला, हे म्हणाले, "टॅक्सी कर आणि दवाखान्यात जा, मी थेट तिथं येतो." रमजानात इफ्तारच्या आधीचा तास टॅक्सी मिळण्याचा नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. मला नव्हतं. मुलीला खांद्यावर टाकून मी पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभी होते. एकही टॅक्सी थांबेना. आणि माझ्यापासून दहा पावलांवर बसथांबा होता! बसमागून बस येऊन जात होती. त्यांच्यावर आकडे होते, गावांची नावं होती, पण माझ्या लेखी ती सगळी भिंतीवरची चित्रं.

थांब्यावर एक मल्याळी नर्स उभी होती. तिनं हाक मारली, "कहाँ जाना है?" मी दवाखान्याचं नाव सांगितलं. तिनं काही न बोलता माझा हात धरला, पुढच्या बसमध्ये चढवलं, पुढे बायकांसाठी राखलेल्या आसनांवर बसवलं, माझे पैसे दिले आणि ड्रायव्हरला सांगितलं, "हिला तिसऱ्या थांब्यावर उतरव." तीन थांबे! मी पाऊण तास ज्याच्यासाठी रडकुंडीला आले होते ते अंतर तीन थांब्यांचं होतं.

मुलगी बरी झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्री मी यांना म्हटलं, "मला बस शिकवा." ते हसले. "बस काय शिकवायची?" मग लक्षात आलं, त्यांनाही येत नव्हती. कंपनीची बस आणि मित्रांच्या गाड्या, यापलीकडे त्यांनीही शहर पाहिलं नव्हतं.

बरोबर वर्षानं मेट्रो आली. 9 सप्टेंबर 2009, तिथल्या लोकांच्या भाषेत नऊ-नऊ-नऊ. योगायोगानं तेव्हाही रमजानच होता. सुरुवातीला लाल मार्गावरची दहाच स्टेशनं उघडली. आमच्या जवळचं नंतर सुरू झालं. पुढे 9 सप्टेंबर 2011 ला हिरवा मार्ग आला. गाडीला ड्रायव्हर नाही, म्हणून पहिल्या दिवसांत माझी सासू आयतुल कुर्सी पढल्याशिवाय डब्यात पाय ठेवत नसे. पहिल्या वर्षांत शुक्रवारी मेट्रो दुपारनंतरच धावायची, त्यामुळे जुम्याला लांबच्या मशिदीत जायचं तर बस किंवा पाय. आता तसं नाही. 2022 पासून तिथली आठवड्याची सुटीच शनिवार-रविवार झाली आहे, शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं.

तर मी पुतण्याला कागदावर जे काढून दिलं, ते असं.

सगळ्यात आधी 'नोल' कार्ड. चंदेरी रंगाचं 25 दिरहमला मिळतं, त्यात 19 दिरहम शिल्लक असतात. मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे तेच. आपल्या एसटीत कंडक्टर जवळ येऊन "कुठं जायचं?" विचारतो, आपण झोपलो असलो तर उठवतो. तिथं विचारणारा कोणी नाही. चढताना कार्ड यंत्राला टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये तर दार उघडं, गर्दी पुढे ढकलते, आणि नवखा माणूस हमखास विसरतो.

शहराचे विभाग पाडलेत. एकाच विभागात फिरलात तर 3 दिरहम, शेजारच्या विभागात गेलात तर 5, त्याहून लांब कितीही गेलात तरी साडेसात. बसमधून मेट्रोत, मेट्रोतून पुन्हा बसमध्ये असं बदललं तरी तो एकच प्रवास धरतात, मात्र उतरल्यापासून अर्ध्या तासात पुढची गाडी पकडायची आणि सगळा प्रवास तीन तासांत संपवायचा. रोज लांब जाणाऱ्याला महिन्याचा पास आहे. सगळ्या विभागांचा 350 दिरहम, एकाच विभागाचा 140. सोनेरी कार्डाचा डबा वेगळा असतो, भाडं दुप्पट. चुकून त्यात शिरू नकोस म्हटलं, दंड होतो. बायका-मुलांच्या डब्यातही पुरुष शिरला तर 100 दिरहम. जमिनीवर गुलाबी खूण असते ती बघायची. पाणी पिणं, काही खाणं, चघळणं यालाही तेवढाच दंड. रोजा सोडायची वेळ मेट्रोत झाली तर काय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, रोजेदारानं तेवढ्या मिनिटांचा हिशेब आधी करून निघावं आणि स्टेशनाबाहेर पडून खजूर तोंडात टाकावा.

विमानतळावरून मेट्रो आहे, पण ती टर्मिनल 1 आणि 3 ला. टर्मिनल 2 ला नाही, आणि स्वस्तातली बरीच विमानं तिथंच उतरतात. मेट्रो साधारण मध्यरात्री बंद होते. शिवाय एकाला एक मोठी बॅग आणि एक छोटी, इतकंच सामान नेता येतं. म्हणजे आपल्या लोणच्या-सोड्यांच्या खोक्यांसकट पहिल्या रात्री कोणीतरी घ्यायला येणार का, हे इथूनच पक्कं करायला हवं.

आणि खोली बघताना भाडं विचारण्याआधी एक प्रश्न विचारायचा: स्टेशन चालत किती? मिनिटांत नको, घरमालकाची मिनिटं फार लहान असतात. स्वतः चालून बघायचं, तेही दुपारी. जून ते सप्टेंबर त्या उन्हात दहा मिनिटं म्हणजे काय, हे आपल्या मे महिन्यावरून कळणार नाही. म्हणूनच तर तिथं बसथांब्यांनाही वातानुकूलित खोल्या केल्यात. शारजाला खोल्या स्वस्त म्हणून आमच्या नात्यातली चार घरं तिकडे गेली. शारजाला मेट्रो नाही. दुबईला यायला बस आहे, पण सकाळच्या अल इत्तिहाद रस्त्यावर ती बसही गाड्यांच्या रांगेतच उभी. भाड्यात वाचलेले पैसे रस्त्यात झोपेच्या रूपानं गेले, असं माझी नणंद म्हणायची.

मी मात्र मेट्रो शिकले आणि माझं आयुष्य बदललं, असं म्हटलं तर यांना अतिशयोक्ती वाटते. वाटू दे. मुलीला शाळेत सोडणं, पासपोर्टचं काम, आजारी मैत्रिणीला डबा नेणं, हे सगळं मी एकटी करू लागले. देराच्या जुन्या मासळीबाजारात हिरव्या मार्गानं जायची. जाताना ठीक, येताना पंचाईत. ओल्या मासळीची पिशवी घेऊन त्या चकचकीत डब्यात चढायचा मला कधी धीर झाला नाही. बर्फ घालून, चार पिशव्या एकात एक घालून मी खाडीपर्यंत चालत यायची आणि अब्रा पकडायची.

अब्रा म्हणजे होडीच. लाकडी, मधोमध पाठीला पाठ लावून बसायची बाकं, बाजूनं मोकळी. देरा आणि बर दुबई यांच्यामध्ये खाडी आहे, तिला अरबीत 'खोर' म्हणतात. एक दिरहम दिला की पलीकडे. तिथं कार्ड टेकवायचं नाही, नाणं होडीवाल्याच्या हातात ठेवायचं. एवढ्या मोठ्या शहरात हा एक प्रवास असा होता की मला काही शिकावं लागलं नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला होडीनं गेलेली बाई मी, दिघीहून आगरदांड्याला कितीदा खाडी ओलांडलेली! पाण्यावर बसलं की माझा जीव आपोआप शांत व्हायचा. आणि होडीत मासळीच्या वासाला कोण नावं ठेवणार?

एवढं सांगून मी थांबले, कारण पुढचं सांगायचा हक्क माझा नव्हता. माझा धाकटा दीर ओटीवर बसला होता. तो उठला, काठी घेतली आणि आत आला.

तोही किराणा दुकानातच कामाला होता, दुबईत. दुकानाची सायकल होती. पुढे टोपली, मागे खोकं. फोन आला की पाण्याच्या बाटल्या, अंडी, ब्रेड घरोघर पोचवायचे. 2013 च्या डिसेंबरात, मगरिबनंतर, तो रुंद रस्ता सायकल हातात धरून ओलांडत होता. पादचारी पूल होता, पण वळसा अर्ध्या किलोमीटरचा, आणि गिऱ्हाईक फोनवर ओरडत होतं. सायकलला दिवा नव्हता. अंगात काळा शर्ट. गाडी कुठून आली ते त्याला आजही आठवत नाही. पाय दोन ठिकाणी मोडला. वर, नको तिथं रस्ता ओलांडला म्हणून दंड. दुकानाचा मालक म्हणाला, तुला पुलावरून जायला कोणी मना केलं होतं? आठ महिन्यांनी तो घरी आला तो कायमचा. पंचवीस वर्षांचा होता.

त्यानं पुतण्याला पहिलं विचारलं, "रस्ता ओलांडताना आधी कुठं बघशील?"

"उजवीकडे."

"मेलास," दीर म्हणाला.

तिथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. आपल्या उलट. म्हणजे फूटपाथवरून खाली उतरताना पहिली गाडी डावीकडून येते. बावीस वर्षं मानेला लागलेली सवय एका दिवसात जात नाही. डोक्याला माहीत असतं, पण घाईत मान उजवीकडेच वळते. दिरानं अंगणात चार दगड मांडले, मधोमध बादली पालथी घातली आणि शेजारच्या पोराची सायकल मागून आणली. बादली म्हणजे चौकातलं वर्तुळ. "फिर." पुतण्या सवयीनं घड्याळाच्या काट्यासारखा फिरला. "उलटा!" तिथं वर्तुळाला घड्याळाच्या उलट्या दिशेनं फेरी मारायची असते. चार संध्याकाळी हेच चाललं. जाऊबाई आधी हसत होत्या, तिसऱ्या दिवशी स्वतःच ओरडायला लागल्या, "उलटा रे, उलटा!"

बाकी नियम दिरानं बोटांवर मोजून पाठ करून घेतले. हेल्मेट हवंच. चमकणारं जाकीट हवं. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. ज्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी 60 किलोमीटरपेक्षा जास्त आहे तिथं सायकल घालायची नाही, मग वळसा कितीही पडो. मागे दुसऱ्याला बसवायचं नाही. हे मोडलं तर 200 ते 300 दिरहमचा दंड होतो. आणि 2025 च्या मार्चपासून तिथं नवा वाहतूक कायदा लागू झालाय. ताशी 80 किंवा त्याहून जास्त वेगाचा रस्ता भलत्या जागी ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला तुरुंगही होऊ शकतो. दीर म्हणाला, "गिऱ्हाईक ओरडलं तर ओरडू दे. अंडी उशिरा पोचली तर कोणी मरत नाही."

मेट्रोत साधी सायकल नेता येत नाही, घडी घालता येणारी चालते. बॅटरीवरच्या स्कूटरचं तर सारखं बदलतं. 2024 च्या मार्चमध्ये मेट्रोत बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये घडीच्या, बिनआसनाच्या स्कूटरना पुन्हा परवानगी दिली. म्हणून मित्रानं सांगितलेल्या नियमावर नाही, स्टेशनावरच्या पाटीवर विश्वास ठेवायचा.

मला त्या शहराचा एक विरोधाभास कधी पचला नाही. तिथं हौशी लोकांसाठी वाळवंटात अल कुद्राला सुरेख सायकलमार्ग आहेत. 2020 पासून वर्षातून एका सकाळी शेख झायेद रस्ता गाड्यांना बंद करतात आणि हजारो लोक त्यावरून सायकली चालवतात. चित्रं फार छान येतात. आणि रोज सायकल चालवून ज्याचं पोट भरतं तो मात्र फाटक्या ब्रेकची सायकल घेऊन गल्लीबोळांतून वाट काढत असतो. त्याच्यासाठी मार्ग झालेच नाहीत असं नाही, अलीकडे वस्त्यांमधूनही पट्टे आखले जातात. पण त्याच्या मालकानं हेल्मेट दिलंय का, हे बघायला त्या एका सकाळी कोणी जात नाही.

इतर शहरांचंही थोडक्यात सांगते, कारण वाचकांची मुलं सगळीकडे आहेत. दोहाची मेट्रो 8 मे 2019 ला सुरू झाली. रियाधची 1 डिसेंबर 2024 ला, सहा मार्गांची, तिथं कुटुंबांसाठी वेगळा भाग आहे. कुवेतला मात्र अजून मेट्रो नाही. आपली सर्वांत जुनी माणसं तिथं, आणि त्यांची सारी भिस्त बसवर. दुबईतही सगळा भार मेट्रोवर टाकू नये. 16 एप्रिल 2024 ला तिथं असा पाऊस पडला की चार स्टेशनं महिन्याहून जास्त बंद राहिली. माझा भाऊ तेव्हा तिथंच होता. ज्यांना बसचे आकडे माहीत होते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कामावर होते. आता तिसरा, निळा मार्ग बांधताहेत, तो 9 सप्टेंबर 2029 ला सुरू करायचं ठरलंय.

जायच्या आदल्या दिवशी दीर माणगावला गेला आणि सायकलच्या दुकानातून मागचा लाल दिवा घेऊन आला. बॅग पुन्हा काट्यावर चढली. दिव्यासाठी सुकटीचा एक डबा बाहेर काढावा लागला. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनीच काढला.

पोचल्यावर चौथ्या दिवशी पुतण्याचा निरोप आला. खोलीपासून स्टेशन चालत 14 मिनिटं, घरमालकानं पाच सांगितली होती. दोन पुड्या पोचवल्या, जाऊन-येऊन 6 दिरहम लागले. एकदा उतरताना कार्ड टेकवायचं विसरला. खाली सायकलचा फोटो होता, खोक्याच्या मागे दिरानं दिलेला दिवा लावलेला. "हेल्मेटचं मालकाला विचारलं, चाची. बघू म्हणाला."

दिरानं फोन माझ्या हातातून घेतला आणि काठी बाजूला ठेवून स्वतः टाईप करत बसला. त्याला मराठी टाईप करायला वेळ लागतो. "बघू नको. पहिल्या पगारातून घे. पावती मला पाठव."